काउंटरसमोर उभा असलेला, न सापडलेला रुग्ण

औषधाच्या दुकानात आरोग्यतपासणी व्हावी की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे दोनच उत्तरे ऐकू येतात. एक उत्साहाचे: काउंटरवर बीपीचे यंत्र आणि ग्लुकोमीटर ठेवा, येईल त्याला मोजून द्या, म्हणजे गल्लोगल्ली आरोग्यसेवा पोहोचेल. दुसरे संशयाचे: मेडिकलवाला शेवटी दुकानदार, त्याने चिठ्ठी वाचून गोळ्या द्याव्यात, गिऱ्हाइकाच्या दंडाला पट्टा गुंडाळण्याच्या फंदात पडू नये. दोन्ही उत्तरे वरवरची आहेत आणि दोघांची चूक एकच आहे. तपासणी म्हणजे यंत्रावर उमटणारा आकडा, असे दोघेही धरून चालले आहेत. एकाला तो आकडा जितक्या जास्त लोकांना मिळेल तितके चांगले वाटते, दुसऱ्याला तो चुकीच्या हातात जाईल अशी धास्ती वाटते. आकडा मिळाल्यानंतर त्या माणसाचे पुढे काय होते, हे दोघेही विचारत नाहीत.

मला मांडायचे आहे ते असे. औषधाच्या दुकानाचे बळ यंत्रात नाही. ते गिऱ्हाइकाच्या ओळखीत आहे, आणि महिन्याच्या महिन्याला न बोलावता घडणाऱ्या भेटीत आहे. हे बळ वापरायचे असेल, तर दुकानातली तपासणी सरसकट न होता निवडक माणसांची झाली पाहिजे, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यातले किती जण उपचारापर्यंत पोहोचले व तिथे टिकले, यावरच तिचे मोल ठरले पाहिजे. एवढे करायची तयारी नसेल, तर काउंटरवरचे यंत्र उचलून ठेवलेले बरे.

१. गळती कुठे आहे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे देशभरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ या वयोगटातल्या ३४ टक्के लोकांचा रक्तदाब जास्त, तर १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली. हे आकडे वाचले की मन लगेच एका निष्कर्षावर उडी मारते: लोकांना तपासतच नाहीत, म्हणून तपासण्या वाढवा.

पण दुसरा एक पुरावा या निष्कर्षाच्या आड येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या सात लाखांहून अधिक लोकांची माहिती गोळा झाली होती. तिचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब वाढलेल्या दर १०० लोकांपैकी ७६ जणांचा रक्तदाब पूर्वी कधी ना कधी मोजला गेला होता. आपल्याला हा विकार आहे हे त्यांतल्या फक्त ४५ जणांना ठाऊक होते. उपचार घेत होते १३, आणि ज्यांचा रक्तदाब ताब्यात होता असे उरले ८.

ही उतरंड नीट पाहावी. मोजण्याच्या पायरीवर शंभरातले चोवीस गळले. मोजल्यानंतर ‘तुम्हांला हा आजार आहे’ हे कळण्याच्या आधीच आणखी एकतीस गळले. कळल्यानंतर औषध सुरू होण्याच्या किंवा टिकण्याच्या वाटेवर बत्तीस. म्हणजे बहुतेक गळती आकड्याच्या नंतरची आहे. दंडाला पट्टा बांधला गेला, आकडा सांगितला गेला किंवा सांगितलाच गेला नाही, ‘थोडं जास्त आहे, मीठ कमी करा’ एवढ्यावर विषय संपला आणि माणूस घरी गेला. अशा देशात आणखी लाखो यंत्रे आणून ठेवली तर शंभरातले शहात्तर कदाचित नव्वद होतील. शेवटचे आठ वाढतीलच असे नाही.

यात लोकांच्या समजुतींचाही वाटा आहे. ‘बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही’ ही धारणा घराघरांत आहे, आणि ती पूर्णपणे खोटीही नाही. काहीच दुखत नसताना जन्मभराचे औषध पत्करायला कोणीही चटकन तयार होत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायचा तर त्या दिवसाचा रोज बुडतो. तेव्हा पहिला आकडा जास्त येऊनही माणूस परत येत नाही, यात त्याचा निष्काळजीपणा शोधण्याआधी त्याला परत यायला जागा कोणती ठेवली होती, हे विचारायला हवे.

२. मोजणे, चाळणी आणि निदान

या तीन गोष्टी बोलण्यात एकच होऊन गेल्या आहेत. मोजणे म्हणजे आकडा घेणे. चाळणी म्हणजे वरवर निरोगी दिसणाऱ्या लोकांतून पुढे नीट तपासावे अशांना वेगळे काढणे. निदान म्हणजे आजार आहे की नाही हे ठरवणे, आणि ते डॉक्टरचे काम. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणीचे जे दहा निकष लिहिले, त्यांत आजार महत्त्वाचा असावा, चाचणी लोकांना पटणारी असावी, यांच्याबरोबरच निदानाची आणि उपचाराची सोय उपलब्ध असावी आणि हे काम एकदाच करून न थांबता चालू राहावे, असेही म्हटले आहे. दुकानातल्या ‘मोफत शुगर तपासणी’च्या फलकाला हे निकष लावले तर फार थोडे फलक टिकतील. एका रविवारी मांडव घालायचा, दोनशे बोटे टोचायची, आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून द्यायचे, आणि सोमवारी त्या दोनशे जणांचा मागमूस उरत नाही. ही चाळणी नव्हे, कारण चाळल्यावर वर उरलेले वेचणारा तिथे कोणीच नसतो.

मोजणेसुद्धा वाटते तितके सोपे नाही. रक्तदाब घेण्याआधी माणसाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, दंड हृदयाच्या उंचीवर, लघवी तुंबलेली नसावी, मागच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालेली नसावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर जातो. एकदा मोजून भागत नाही. मिनिटभराच्या अंतराने दुसऱ्यांदा मोजावे लागते, आणि १४०/९० च्या वर गेले तरी फार मोठा आकडा नसेल तर वेगळ्या दिवशी पुन्हा. ग्लुकोमीटरचेही तसेच. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या साखरेत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. म्हणजे खरी साखर २०० असेल तर यंत्र १७० ही दाखवू शकते आणि २३० ही. पावसाळी हवेत उघडी राहिलेली डबी, मुदत संपलेली स्ट्रिप, नुकताच पेढा खाल्लेले न धुतलेले बोट यांतून होणारी चूक वेगळीच. म्हणून मधुमेहाचे निदान प्रयोगशाळेतल्या तपासणीवरच करायचे असते.

आता आपले नेहमीचे मेडिकल डोळ्यांपुढे आणावे. किरकोळ विक्रीच्या परवान्याला किमान दहा चौरस मीटर जागा पुरते, आणि ती सगळी कपाटांनी व्यापलेली असते. गिऱ्हाईक रस्त्याच्या बाजूला, पायरीवर उभे. मागे दोघे घाई करताहेत. तिथे उभ्याने हात पुढे करून घेतलेला रक्तदाब फारसा विश्वासाचा नसतो. या दुकानात यंत्राआधी यायला हवी ती एक खुर्ची, हात टेकायला एक लहानसे टेबल, आणि दोन वेगवेगळ्या मापांचे पट्टे. ही क्षुल्लक बाब वाटेल, पण पाच मिनिटे बसायला जागा नसलेल्या दुकानाला तपासणीची परवानगी देऊ नये, इतकी ती मूलभूत आहे.

३. दवाखान्याला न दिसणारे, दुकानाला दिसणारे

इथे मुख्य मुद्दा येतो. दुकानात तपासणी का, याचे नेहमीचे उत्तर ‘जवळ असते आणि रात्री दहापर्यंत उघडे असते’ असे दिले जाते. ते खरेच आहे, पण जवळ तर किराणा दुकानही असते. औषधाच्या दुकानाकडे किराणा दुकानाकडे नसलेली आणि बहुतेक दवाखान्यांकडेही नसलेली माहिती असते: कोण काय विकत घेते, किती वेळा घेते आणि कोणासाठी घेते.

‘कोणासाठी’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे औषध घ्यायला येणारा माणूस पुष्कळदा रुग्ण नसतोच. वडिलांच्या मेटफॉर्मिनची पट्टी मुलगा नेतो, सासूच्या बीपीच्या गोळ्या सून नेते, भावाचे इन्सुलिन बहीण नेते. यांतला मुलगा, बहीण, भाऊ रक्ताचे. त्यांना त्या आजाराची आनुवंशिक शक्यता इतरांपेक्षा जास्त. सुनेचे रक्ताचे नाते नाही, पण तिचे ताट त्याच स्वयंपाकघरातले, तेच तेल, तेच मीठ, तेच बसून राहणे. चाळिशीचा तो मुलगा वर्षानुवर्षे दर महिन्याला काउंटरसमोर उभा राहतो, आणि त्याची स्वतःची साखर कोणी कधी पाहिलेली नसते. आरोग्यकेंद्राच्या नोंदीत तो नाही, कारण तो आजारी पडलेला नाही. डॉक्टरांच्या नोंदीत नाही, कारण चिठ्ठी वडिलांच्या नावावर आहे. तो दिसतो फक्त फार्मासिस्टला. रस्त्याने जाणाऱ्या शंभर जणांना मोजण्यापेक्षा अशा दहा जणांना विचारणे कितीतरी फलदायी.

आणि विचारायला सुरुवातीला रक्ताचा थेंबही लागत नाही. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २००५ साली भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याची गुणपद्धती मांडली. त्यात चारच गोष्टी पाहतात: वय, कंबरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह. पन्नाशीच्या पुढे ३० गुण, पस्तीस ते एकोणपन्नासला २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बायकांची कंबर ९० सेंटिमीटर आणि पुरुषांची १०० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर २०, त्याच्या दहा सेंटिमीटर आतल्या पट्ट्यात १०. बसून काम आणि व्यायाम काहीच नाही, तर ३०. एकूण साठ किंवा अधिक झाले की धोका जास्त. शिंप्याकडची मोजपट्टी आणि तीन प्रश्न एवढ्यावर, कोणाचे बोट टोचायचे आणि कोणाचे नाही, हे ठरते. अशी निवड न करता सरसकट टोचत गेलो तर स्ट्रिपांचा खर्च वाढतो आणि खोट्या धास्तीही.

‘काय’ आणि ‘किती वेळा’ हेही बोलके असते. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची पट्टी दर आठवड्याला नेणाऱ्याचा रक्तदाब त्या गोळ्यांनीच वाढत असू शकतो, आणि बीपीच्या गोळ्या चालू असल्या तरी त्यांचा परिणाम त्यामुळे कमी होतो. दम्यासाठी म्हणून किंवा अंगदुखीवर कोणीतरी सुचवले म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्याची साखर चढते. गुप्तांगाच्या बुरशीचे मलम पुन्हा पुन्हा नेणे, लघवीच्या जंतुसंसर्गावरचे औषध वर्षात तिसऱ्यांदा मागणे, पायाच्या न भरणाऱ्या जखमेसाठी पट्ट्या नेत राहणे, ही मधुमेहाची चाहूल असू शकते. अंगावरच्या गजकर्णाचे मात्र तसे नाही. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी आपल्याकडे ते इतके पसरवले आहे की त्यावरून मधुमेहाचा संशय घ्यायला फारसा आधार राहिलेला नाही. असा भेद करायला औषधांचे ज्ञान लागते, आणि ते फार्मासिस्टकडे असते. दोन आठवड्यांहून जास्त काळ खोकल्याचे औषध नेणाऱ्याला थुंकी तपासायला पाठवणे हाही याच कामाचा भाग.

हे काही हवेतले नाही. डी.फार्म.च्या २०२० च्या नव्या नियमांनुसार आलेल्या अभ्यासक्रमात ‘कम्युनिटी फार्मसी’ या विषयात आरोग्यतपासणी सेवांचे स्वतंत्र प्रकरण आहे. रक्तदाब, रक्तशर्करा, फुप्फुसांची क्षमता आणि कोलेस्टेरॉल तपासण्याच्या पद्धती त्यात शिकवल्या जातात. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले. म्हणजे शिकवतो आपण आरोग्यसेवकाला आणि दुकानात बसवतो विक्रेत्याला. मधला दुवा कोणी बांधलाच नाही.

४. बाहेर काय दिसले

हा दुवा बांधला तर काय होते याचा पुरावा आहे, आणि तो माझ्या मुद्द्याला दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या कृष्णवर्णीय मालकांच्या ५२ केशकर्तनालयांत रक्तदाब वाढलेल्या ३१९ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. जवळपास अर्ध्या दुकानांत न्हाव्यांनी गिऱ्हाइकांना राहणीमान सुधारायला आणि डॉक्टरकडे जायला सांगितले. उरलेल्या दुकानांत खास प्रशिक्षित फार्मासिस्ट येऊन, डॉक्टरांशी ठरलेल्या करारानुसार, तिथेच औषधे सुरू करत, बदलत आणि पाठपुरावा करत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी ९ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा २७ अंकांनी. माणसे त्याच प्रकारची, मोजमाप दोन्हीकडे, सल्लाही दोन्हीकडे. मोजल्यावर कोणीतरी त्या माणसाला धरून ठेवले, यातून हा फरक पडला.

कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात ५६ औषधदुकानांत ७२३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, फार्मासिस्टने तपासणी, औषधातला बदल आणि पाठपुरावा केला तेव्हा तीन महिन्यांत हृदयविकाराच्या अंदाजित धोक्यात नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत २१ टक्क्यांची घट दिसली. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून चाळिशीपुढच्या, निदान न झालेल्या लोकांचा रक्तदाब दुकानात मोजतात. जास्त आला तर चोवीस तास अंगावर राहणारे यंत्र लावून खात्री करतात, निष्कर्ष त्या माणसाच्या डॉक्टरकडे जातो आणि या कामाचे पैसे सरकार दुकानाला देते. इथे एक सावधगिरी. आल्बर्टातल्या फार्मासिस्टला काही औषधे लिहून देण्याचा अधिकार आहे, इंग्लंडात प्रत्येकाचा एक ठरलेला डॉक्टर असतो. आपल्याकडे दोन्ही नाही. त्यामुळे त्या देशांची योजना उचलून आणता येणार नाही. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच, की आकड्याच्या पुढची वाट आधी आखावी आणि यंत्र नंतर आणावे.

५. आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत भारी आहे आणि तो वैद्यकशास्त्राच्या आतून येतो. निरोगी लोकांच्या सरसकट आरोग्यतपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात सतरा प्रयोग आणि अडीच लाखांवर लोक होते. एकूण मृत्युदरात फरक सापडला नाही. कोपनहेगन परिसरातल्या ‘इंटर ९९’ प्रयोगात तपासणीला पाच वर्षांच्या समुपदेशनाची जोड होती, तरीही दहा वर्षांनी हृदयविकारात घट दिसली नाही. हा पुरावा नाकारायचे कारण नाही; सरसकट तपासणीविरुद्धचा माझा आग्रह त्याने बळकटच होतो. मात्र त्या प्रयोगांतल्या ज्या गटाला तपासणीला बोलावले नव्हते, त्यातल्याही बहुतेकांना नेहमीचा डॉक्टर होता आणि तो एरवीच्या भेटीत रक्तदाब पाहत होता. आपल्याकडे तुलनेच्या जागी उभी आहे ती शंभरातल्या आठांची उतरंड. शिवाय मी सुचवतो ती धोका जास्त असलेल्यांची, दोन-तीनच आजारांची, उपचाराला बांधलेली निवड आहे. ती याहून पुढे जाऊ नये. दुकानात ‘फुल बॉडी’ पॅकेजे, थायरॉइडचे पॅनेल, कर्करोगाचे म्हणून विकले जाणारे मार्कर यांना थारा नको. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या सोनोग्राफीची लाट आली आणि २०११ पर्यंत तिथे या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्यापायी मृत्यू कमी झाले नाहीत. हजारोंच्या ग्रंथी मात्र काढल्या गेल्या.

दुसरा आक्षेप हितसंबंधांचा. ज्याला गोळी विकायची आहे, त्यानेच आजार शोधायचा? हा संशय रास्त आहे, आणि फार्मासिस्ट संघटनांनी तो अपमान न मानता आधी स्वीकारावा. रक्तदाबाची आणि मधुमेहाची बहुतेक औषधे शेड्यूल एचमध्ये येतात. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, आणि तरी ती मिळतात, हे कोणापासून लपलेले नाही. अशा बाजारात काउंटरवरची तपासणी ही विक्रीची पहिली पायरी व्हायला वेळ लागणार नाही. ‘शुगर जरा जास्त आहे, ही पावडर घेऊन बघा’ हे वाक्य तर आजही ऐकू येते. म्हणून नियम कडक हवा. तपासणीच्या निष्कर्षावरून त्या दुकानाने त्या माणसाला चिठ्ठीशिवाय काहीही विकू नये, गोळी नाही, पावडर नाही, ‘मधुमेहींसाठी’ची बिस्किटेही नाहीत. औषध कंपनीच्या खर्चाने तपासणी होऊ नये. आणि मोबदला विक्रीवर किंवा मोजलेल्या डोक्यांवर न देता माणूस डॉक्टरपर्यंत पोहोचला यावर द्यावा.

याला नमुना आपल्याच देशात आहे. मार्च २०१८ च्या राजपत्रातील अधिसूचनेने क्षयरोगाची औषधे देणाऱ्या औषधविक्रेत्यांवरही रुग्णाची माहिती कळवण्याची जबाबदारी टाकली. क्षयरोग कार्यक्रम खाजगी वैद्यकीय सेवादात्याला नोंद कळवल्यावर ५०० रुपये देतो आणि उपचाराचा शेवट काय झाला हे कळवल्यावर आणखी ५०० रुपये. पैसे दोन टोकांना बांधलेले असले की मधली वाट चालण्यात प्रत्येकाचे हित तयार होते. रक्तदाबासाठी हीच रचना वापरता येईल: पहिला भाग नोंद झाल्यावर, दुसरा भाग त्या माणसाची आरोग्यकेंद्रात खात्रीची तपासणी झाल्यावर.

तिसरा आक्षेप: दुकानात फार्मासिस्ट असतोच कुठे? १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे. वस्तुस्थितीत अनेक परवान्यांवर एकाचे नाव असते आणि काउंटरवर दुसराच उभा असतो. प्रमाणपत्र भाड्याने देणे हा या व्यवसायाला लागलेला जुना कलंक आहे. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी मोठा विरोध केला. या आक्षेपाला मी उत्तर देत नाही, मी तो अट म्हणून पुढे ठेवतो. ज्या दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असतो, त्यालाच तपासणीची मान्यता द्यावी, आणि गैरहजर आढळला तर ती काढून घ्यावी. औषध किरकोळीत विकण्यात दुकानदाराला नियंत्रित दरांच्या औषधांवर सोळा टक्के मिळतात, आणि ऑनलाइन सवलतींनी तेही आकसत चालले आहे. हजेरीला जोडून उत्पन्नाचे नवे साधन मिळाले, तर मालकाला फार्मासिस्ट ठेवणे परवडेल. नुसत्या छाप्यांनी हा प्रश्न इतक्या वर्षांत सुटलेला नाही.

डॉक्टरांच्या संघटना म्हणतील की हा आमच्या क्षेत्रातला शिरकाव आहे. निदान आणि औषधयोजना डॉक्टरकडेच राहते, हे वर स्पष्ट केले आहे. एरवी कधीच आला नसता असा रुग्ण डॉक्टरकडे पाठवणाऱ्याला प्रतिस्पर्धी समजण्याचे कारण मला सापडत नाही.

६. सुरुवात कुठून

शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तिशीपुढच्या सर्वांच्या तपासणीची जबाबदारी आशा, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्यकेंद्र यांच्यावर आहे. आशाताई घरी येते तेव्हा घरात सापडते ती बहुधा बाई किंवा म्हातारी माणसे. कामावर गेलेला पस्तीस-पंचेचाळिशीचा पुरुष तिला भेटत नाही, तो संध्याकाळी औषधाच्या दुकानात भेटतो. दोघांचे काम एकमेकांना पूरक आहे, आणि एकाच नोंदवहीत जायला हवे.

ती नोंदवही काही ठिकाणी तयारही आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे सुरुवातीचे जिल्हे होते. ठरावीक औषधयोजना, महिन्याची औषधे एकदम, आणि प्रत्येक रुग्णाच्या नावाचे क्यूआर चिन्ह असलेले कार्ड, अशी त्याची पद्धत. ‘सिंपल’ नावाच्या मोबाइल अ‍ॅपवर कार्ड दाखवले की मागचे सगळे आकडे दिसतात, आणि कोण ठरल्या दिवशी आले नाही याची यादी निघते. हेच कार्ड दुकानात वाचता आले आणि नव्याने आढळलेल्या माणसाला तिथेच देता आले, तर आकडा कागदाच्या चिटोऱ्यावरून नोंदीत जाईल. त्या माणसाची लेखी संमती घ्यावी लागेल, त्याची माहिती विमा कंपनीला किंवा औषध कंपनीला जाणार नाही अशी कायदेशीर हमी द्यावी लागेल. बोट टोचल्यावर सुई टाकायला न भोसकला जाणारा डबा आणि जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्याशी करार लागेल. १८०/१२० च्या वर आकडा, आणि जोडीला छातीत दुखणे किंवा बोलणे अडखळणे असेल, तर चिठ्ठी लिहीत न बसता थेट १०८ ला फोन करायचा, हे भिंतीवर मराठीत लिहिलेले असावे.

या चारपैकी एखाद्या जिल्ह्यात, फार्मासिस्ट प्रत्यक्ष बसतो अशी पन्नास दुकाने निवडून हे वर्षभर करून पाहता येईल. वर्षअखेरीस किती हजार लोकांचा रक्तदाब मोजला, हे आरोग्य विभागाने विचारू नये. ज्यांचा आकडा जास्त आला त्यांतले किती जण महिन्याभरात आरोग्यकेंद्रात किंवा डॉक्टरकडे पोहोचले, सहाव्या महिन्यात किती जण गोळ्या घ्यायला त्याच दुकानात येत होते, आणि त्या वेळी पाच मिनिटे खुर्चीवर बसवून मोजलेला रक्तदाब किती जणांचा १४०/९० च्या खाली होता, एवढे तीन आकडे मागावेत. तिसरा आकडा वर उल्लेखिलेल्या शंभरातल्या आठांपेक्षा स्पष्टपणे वर गेला नाही, तर योजना तिथेच बंद करावी.